बारा किलोमीटर लांबीचं मिनिट

चर्चगेटला लोकलमध्ये बसलं की मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड करत, दादर मागे टाकून माटुंगा रोड येईपर्यंत साधारण बारा किलोमीटरचे रूळ मागे पडतात. मेंदूला रक्त नेणारी एखादी मोठी रक्तवाहिनी गुठळीने तुंबली, की तेवढ्याच लांबीचे मज्जातंतू एका मिनिटात नष्ट होतात. कॅलिफोर्नियातले मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हा हिशोब मांडला. मिनिटाला १९ लाख चेतापेशी, त्यांच्यामधल्या १,४०० कोटी जोडण्या आणि १२ किलोमीटर तंतू. सेकंदाचा हिशोब केला तर ३२ हजार पेशी. उपचाराविना गेलेल्या प्रत्येक तासात मेंदू ३.६ वर्षांनी म्हातारा होतो. हे सगळे आकडे सरासरीचे आहेत, माणसागणिक ते कमीजास्त होतात. पण पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसाच्या उशाशी बसून ‘गाडी निघालीय, येईलच’ असं म्हणणाऱ्या घराला वाट पाहण्याच्या वीस मिनिटांत काय काय गेलं हे कळायला हवं. ३ कोटी ८० लाख पेशी गेल्या आणि २४० किलोमीटर तंतू गेले.

हृदय अचानक बंद पडलं तर गणित याहून कठोर आहे. छाती दाबायला कुणीच नसेल, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. दहा-बारा मिनिटांत शिल्लक जवळपास शून्य.

एवढं ऐकलं की कुणालाही वाटेल, गाड्या वाढवा, वेगाने पळवा, प्रश्न सुटला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. रुग्णवाहिका सेवेवरच्या बातम्याही आपल्याला तेच शिकवतात: ताफ्यात इतक्या गाड्या आल्या, इतक्या मिनिटांत पोचल्या. पण या क्षेत्रातला एकेक अभ्यास वाचत गेलं की लक्षात येतं, जीव वाचवणारे आकडे भलतेच आहेत. ते आपण फारसे मोजत नाही.

आधी गाड्यांचंच घेऊ. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या ताफ्यात ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ गाड्यांत व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधनं होती, उरलेल्या ७०४ मूलभूत उपचारांच्या. प्रत्येक गाडीवर डॉक्टर ठेवण्याचा निर्णय झाला, आणि तो खरोखर मोठा होता. आता भागाकार करून पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी. दर लाखामागे एक मूलभूत आणि दर पाच लाखांमागे एक प्रगत गाडी असावी, असा आपल्याकडचा सरकारी निकष सांगतो. त्यातल्या पाच लाखांच्या अटीत महाराष्ट्र या ताफ्यानेच बसत होता.

माणसं बाजूला ठेवून जमीन मोजली की चित्र पालटतं. राज्याचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. एका गाडीच्या वाट्याला ३२८ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या मुंबईच्या निम्म्याहून जास्त. त्याचं वर्तुळ काढलं तर त्रिज्या दहा किलोमीटरच्या थोडी वर जाते. ही झाली सरासरी, आणि सरासरी गडचिरोलीत राहत नाही. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, गोव्याच्या जवळजवळ चौपट. लोकवस्ती १० लाख ७३ हजार. निव्वळ लोकसंख्येच्या मापाने गाड्या वाटल्या, तर तिथे नऊ येतील आणि एकीच्या वाट्याला १,६०० चौरस किलोमीटर. तिथल्या वर्तुळाची त्रिज्या बावीस किलोमीटरपुढे जाते, तीही सरळ रेषेत. वाटेत जंगल आहे, पावसाळ्यात भरून वाहणारे नाले आहेत, आणि इंद्रावतीकाठच्या गावाला सरळ रेषेतला रस्ता कुठला मिळणार? तिथे गाडीआधी मोटारसायकल पोचवावी लागते, आणि मोटारसायकलीआधी गावातली आशाताई पोचलेली असते. निकष माणसांच्या डोक्यांवर बांधला की विरळ वस्तीचा माणूस कागदावरच मागे पडतो. मला हा अन्याय वाटतो. गाडीवरच्या डॉक्टरने किंवा चालकाने जिवाचं रान केलं, तरी त्याच्या हातून तो भरून निघत नाही.

आता मिनिटांकडे येऊ. ‘आठ मिनिटांत रुग्णवाहिका’ हे माप जगभर इतकं रुजलं, की ते जणू शरीरशास्त्राचा नियमच आहे असं लोक धरून चालतात. त्याचा उगम शोधत गेलं की आपण १९७९ सालच्या एका अभ्यासापाशी येऊन थांबतो. अमेरिकेत सिॲटल शहराभोवती किंग काउंटी नावाचा परगणा आहे. तिथे मिकी आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या रुग्णांची नोंद ठेवली. चार मिनिटांच्या आत कुणीतरी छाती दाबायला लागलं आणि आठ मिनिटांच्या आत प्रगत उपचार सुरू झाले, तेव्हा ४३ टक्के माणसं वाचली. त्या काळात हा आकडा थक्क करणारा होता. मात्र पुढच्या काळात यातली चार मिनिटं गळाली आणि आठ तेवढी राहिली. बघ्यांच्या हातांचा भाग सुटला, गाडीच्या चाकांचा उरला. शिवाय ही आठ मिनिटं मुळात हृदय बंद पडलेल्यांपुरती होती. ती तापाला, पोटदुखीला, मोडलेल्या मनगटालाही लागू झाली.

इंग्लंडने हे माप वर्षानुवर्षं काटेकोरपणे राबवलं. गंभीर ठरवलेल्या हाकांपैकी ७५ टक्के हाकांना आठ मिनिटांत कुणीतरी पोचलंच पाहिजे, असा दंडक होता. ‘कुणीतरी’ म्हणजे एकटा कर्मचारी मोटारसायकलवर पोचला तरी घड्याळ थांबायचं, मग पक्षाघाताची आजी खरी गाडी येईपर्यंत तासभर पडून का राहीना. घड्याळ गाठायचं म्हणून एकाच हाकेवर अनेक वाहनं सोडायची आणि अर्ध्या वाटेतून परत बोलवायची, हेही चालायचं. हे बदलायचं तर आधी पुरावा हवा होता. तो गोळा करण्यासाठी त्यांनी १ कोटी ४० लाखांहून जास्त हाका तपासल्या. फोन घेणाऱ्याला प्रश्न विचारायला थोडा जास्त वेळ दिला आणि कुणाला काय झालंय हे नीट कळल्यावर योग्य गाडी सोडली, तर कुणाचा जीव धोक्यात येतो का, हे पाहायचं होतं. तसं आढळलं नाही. २०१७ साली नियम बदलले. सगळ्यांत गंभीर हाकांसाठी सरासरी सात मिनिटं ठरली, आणि बाकीच्यांसाठी फोनवर पूर्वीपेक्षा सावकाश, नेमकी विचारपूस. थोडं थांबून विचारल्याने सेवा सुधारते हे पटवायला एक कोटी चाळीस लाख हाका लागल्या!

पण चाकं थांबली म्हणजे हात रुग्णाला लागला का? टोरोंटो भागातल्या संशोधकांनी घरात हृदय बंद पडलेल्या ७,८४२ प्रौढांच्या नोंदी मजल्यांप्रमाणे मांडून पाहिल्या. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणाऱ्यांपैकी ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या किंवा त्यावरच्या मजल्यांवर २.६ टक्के. सोळाव्या मजल्याच्या वर २१६ जणांपैकी दोन. पंचविसाव्याच्या वर तीस जण होते, त्यांतलं एकही माणूस वाचलं नाही. गाडी इमारतीपाशी वेळेत आली होती. राहिला होता तो गेट, लिफ्ट आणि लांबलचक पॅसेज.

हा अभ्यास वाचल्यावर मी आमच्या सोसायटीत घड्याळ लावून पाहिलं. रात्री साडेदहाला गेटबाहेर उभं राहिल्यापासून अकराव्या मजल्यावरच्या आमच्या दारापर्यंत ४ मिनिटं १० सेकंद. त्यातला मोठा वाटा वॉचमनच्या वहीत नाव, गाडी नंबर आणि फ्लॅट नंबर लिहिण्याचा. दुसरा वाटा योग्य विंग शोधण्याचा, कारण सी विंगची पाटी झाडामागे गेली होती. लिफ्ट नवव्या मजल्यावर होती. अडचण आम्हीच करून ठेवली होती, हे कबूल करायलाच हवं.

गाडी आली, लिफ्ट मिळाली, दार उघडलं. पुढे काय घडतं? तिथेही पाहायला कुणीतरी हवं. स्टॉकहोम, लंडन आणि नॉर्वेतल्या आकर्सहुस इथल्या रुग्णवाहिकांवर असं पाहणं झालं, ते २००५ साली छापून आलं. लार्स विक आणि सहकाऱ्यांनी डिफिब्रिलेटरमध्ये, म्हणजे हृदयाला शॉक देणाऱ्या यंत्रात, संवेदक बसवले आणि १७६ रुग्णांवरच्या उपचारांची सेकंदासेकंदाची नोंद घेतली. हे उपचार करणारे लोक प्रशिक्षित होते, जगातल्या उत्तम सेवांतले होते. निघालं असं, की रुग्णाचं हृदय बंद असताना ४८ टक्के वेळ छातीवर कुणाचा हात नव्हता. नाडी बघणं, नळी घालणं, सुई शोधणं, यंत्राच्या उत्तराची वाट बघणं, या सगळ्यात निम्मा वेळ जात होता. दाब पडायचा तेव्हा त्याचा वेग चांगला, मिनिटाला १२१. पण थांबलेला वेळ धरला की मिनिटामागे प्रत्यक्षात ६४ दाब पडत होते. खोली सरासरी ३४ मिलिमीटर, तर तेव्हाची शिफारस ३८ ते ५१ची होती. आज ती ५० ते ६० मिलिमीटर आहे.

दहा मिनिटांचं उदाहरण घ्या. नियमाने १,००० ते १,२०० दाब पडायला हवेत. या हिशोबाने पडले ६४०. पोचल्यानंतरची ४ मिनिटं ४८ सेकंद हात रिकामे. वाहतुकीत एक मिनिट वाचवायला शहरं उड्डाणपूल बांधतात, आणि इथे पावणेपाच मिनिटं रुग्णाच्या छातीपासून वीतभर अंतरावर सांडत होती. कुणाला दोष देऊन यातून काही मिळणार नव्हतं. त्या कर्मचाऱ्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मोजल्याशिवाय ते कुणालाच दिसलं नसतं. त्यानंतर दाबाची खोली आणि वेग दाखवणारी यंत्रं आली, कामं वाटून घ्यायची पद्धत बसली, दर दोन मिनिटांनी हात बदलायचे आणि मध्ये दहा सेकंदांहून जास्त थांबायचं नाही हे अंगवळणी पाडायचे सराव सुरू झाले. मला हा अभ्यास या सगळ्या विषयातला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात चांगल्या लोकांनी आपलंच काम भिंगाखाली धरलं.

महागड्या साधनांचा हिशोबही असाच आश्चर्याचा आहे. कॅनडातल्या ओंटारिओच्या १७ शहरांत आधी लवकर शॉक देण्याची व्यवस्था बसवली गेली. मग तिच्यावर प्रगत उपचारांची भर घातली, म्हणजे घशात नळी, शिरेतून औषधं, त्यासाठी खास शिकलेले पॅरामेडिक. दोन्ही टप्पे धरून ५,६३८ रुग्ण. वाचण्याचं प्रमाण ५.० टक्क्यांवरून ५.१ टक्के झालं. दशांश एक! इंग्लंड-वेल्समध्ये तर ८,०१४ रुग्णांवर ॲड्रिनलिनचीच परीक्षा घेतली. निम्म्यांना ते औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. महिन्यानंतर जिवंत असलेले ३.२ टक्के विरुद्ध २.४ टक्के. औषधाने जास्त माणसं वाचली खरी, पण वाचलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचं प्रमाण ३१ टक्के निघालं, मिठाच्या पाण्याच्या गटात ते १७.८ टक्के होतं. त्याच संशोधकांनी एक तुलना दिली आहे, ती मी वहीत उतरवून ठेवली. एक जास्तीचा जीव वाचवायला ॲड्रिनलिन ११२ जणांना द्यावं लागतं. हृदय बंद पडलंय हे वेळीच ओळखलं तर ११ जणांमागे एक वाचतो. बघ्याने छाती दाबली तर १५ जणांमागे एक. शॉक लवकर मिळाला तर पाच जणांमागे एक.

११२, १५, ११, ५. यातले लहान आकडे, म्हणजे जास्त गुणकारी उपाय, सगळे गाडी पोचण्याआधीचे.

डेन्मार्कने हे गांभीर्याने घेतलं. शाळेत सीपीआर, म्हणजे छाती दाबून जीव वाचवणं, शिकवलं, वाहन परवान्यासाठी प्रथमोपचाराचं शिक्षण सक्तीचं केलं, सार्वजनिक जागी शॉक देणारी यंत्रं टांगली, फोन घेणाऱ्यांच्या जोडीला आरोग्य कर्मचारी बसवले. २००१ साली तिथे कोसळलेल्या २१.१ टक्के लोकांना बघ्यांकडून सीपीआर मिळत होतं. २०१० साली ४४.९ टक्क्यांना मिळू लागलं. महिन्याभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ३.५ टक्क्यांवरून १०.८ वर गेलं. नऊ वर्षांत तिप्पट. आणि ज्या किंग काउंटीतून आठ मिनिटांचं माप निघालं, तिथले लोक मोजत राहिले, ते आजही थांबलेले नाहीत. प्रत्येक कार्डिॲक अरेस्टची नोंद, यंत्रातली ध्वनिमुद्रणं उतरवून तपासणी, आणि रुग्ण घरी गेला की नाही हे त्या गाडीवरच्या लोकांना कळवणं. लोकांसमोर कोसळलेल्या आणि शॉक लागू पडण्याजोग्या रुग्णांपैकी २०१३ साली तिथे ६२ टक्के वाचले.

आपल्याकडे फोनवर बसलेल्या माणसाचं काम फार कमी लोकांना ठाऊक असतं. पुण्यातल्या १०८ च्या नियंत्रण कक्षात राज्यभरातून हाका येतात, आणि पलीकडचा आवाज बहुतेक वेळा किंचाळत असतो. ‘श्वास घेताहेत का?’ या एका प्रश्नावर सारं अडकतं. हृदय बंद पडल्यावर सुमारे ४० टक्के लोक थांबून थांबून आचके देतात, घशातून घरघर येते, आणि घरचे सांगतात, ‘हो हो, घेताहेत.’ म्हणून जाणते लोक ‘श्वास नेहमीसारखा घेताहेत का?’ असं विचारतात. नाही म्हटलं की लगेच सूचना सुटते: जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मधोमध तळवा ठेवा, माझ्याबरोबर मोजा. या दोन प्रश्नांत एका शब्दाचा फरक आहे, आणि अकराजणांमागचा तो एक जीव त्या शब्दावर तोललेला आहे.

रस्त्यावरचे आकडे सगळ्यांना पाठ असायला हवेत. २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला ४६२, तासाला १९. तुम्ही हा लेख वाचायला घेतलात तेव्हापासून तीन-चार गेली असतील. आणि २०१३ साली सेव्हलाइफ फाउंडेशनने लोकांना विचारलं, तेव्हा ७४ टक्क्यांनी सांगितलं की आपण अपघातग्रस्ताला मदत करायला धजावणार नाही. कारण माणुसकीची कमतरता नव्हतं, पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांची धास्ती होती. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या नियमांना कायद्याचं बळ दिलं, २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आलं. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीची सक्ती नाही, रुग्णालयात पैसे भरायची नाही. हे एसटीच्या प्रत्येक स्टँडवर, प्रत्येक टोलनाक्यावर ठळक मराठीत लिहिलेलं का नसावं?

हृदयविकाराच्या झटक्याचं आपलं गणित आणखी वेगळं. देशातल्या ८९ रुग्णालयांतल्या २०,४६८ रुग्णांची एक मोठी पाहणी २००८ साली छापून आली. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतचा वेळ ३६० मिनिटं, आणि दारापासून गुठळी विरघळवणाऱ्या औषधापर्यंत ५०. सहा तास घराचे आणि वाटेचे. ॲसिडिटी असेल म्हणून सोडा घेऊन पाहण्याचे, मुलगा कामावरून येईपर्यंत थांबण्याचे, मग रिक्षा शोधण्याचे. यावर तमिळनाडूत प्रयोग झाला. लहान रुग्णालयं मोठ्या हृदयकेंद्रांशी जोडली, ईसीजी आधीच पुढे पाठवला, रुग्णवाहिका त्या साखळीत आणली. २,४२० रुग्ण. वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं, म्हणजे शंभरातली आणखी तीन-चार माणसं पुढच्या पोंगलला घरी होती. हे आपल्या देशात, सरकारी विमा योजनेच्या आधारावर झालं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. १०८ च्या प्रत्येक वार्षिक अहवालात गाड्या आणि हाकांच्या आकड्यांशेजारी आणखी चार रकाने असावेत. कोसळलेल्यांपैकी किती जणांना गाडी येण्याआधी सीपीआर मिळालं. गाडीवर छातीवरचा हात किती टक्के वेळ होता. फोन उचलल्यापासून रुग्णाला हात लागेपर्यंत किती वेळ गेला. आणि किती माणसं आपल्या पायांनी घरी गेली. जिल्हावार, गडचिरोलीचा वेगळा आणि मुंबईचा वेगळा. रात्री दोनला घाटात उतरून जखमीला उचलणाऱ्या डॉक्टरला तो माणूस जगला की नाही हेसुद्धा कळत नसेल, तर त्याने कशाच्या जोरावर काम सुधारायचं?

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये गेल्या महिन्यात सतरंज्या अंथरून सीपीआरचा वर्ग झाला. रबरी पुतळा होता, नीट दाबलं की टक्‌ असा आवाज येतो. सहावीतल्या मुलीचा आवाज लगेच आला, तिच्या आजोबांचा पाचव्या दाबाला. दोन मिनिटांतच भल्याभल्यांना घाम फुटला. झाल्यावर वॉचमनदादा स्वतः पुढे आले आणि म्हणाले, “रुग्णवाहिकेचं नाव वहीत मागाहून लिहीन, आधी लिफ्ट खाली आणून धरतो.” सी विंगवरच्या झाडाची फांदी छाटली. पाटीला रात्री दिसेल असा रंग दिला. मग आम्ही पुन्हा घड्याळ लावलं, तीच वेळ, तेच दार. २ मिनिटं ३५ सेकंद. पंचाण्णव सेकंद वाचले होते. सेव्हर यांच्या हिशोबाने ३० लाख ४० हजार पेशी.